लिनक्स सर्व्हरवर टू-फॅक्टर लॉगिन अ‍ॅन्सिबलने बसवायचं आहे : सीक्रेटची फाइल दर वेळी 'बदलली' का दिसते?

कुलूपकिल्ली

साधारण ऐंशी सर्व्हर आहेत, काही डेबियन १२ तर काही रेड हॅट ९ (दोन्ही लिनक्सचे प्रकार). त्यांची मांडणी अ‍ॅन्सिबल या साधनाने एकाच ठिकाणाहून होते. सध्या एसएसएच लॉगिन फक्त किल्लीने होतं. आता किल्लीनंतर सहा आकडी कोडही विचारायचा आहे, त्यासाठी गूगल ऑथेंटिकेटरचं पॅम मॉड्यूल निवडलंय (पॅम म्हणजे लिनक्सची लॉगिन तपासणारी व्यवस्था). रोलमध्ये (अ‍ॅन्सिबलच्या कामांच्या संचात) क्रम असा: पॅकेज बसवणे, प्रत्येकाच्या होम डिरेक्टरीत सीक्रेटची (कोड ज्यातून निघतो त्या गुप्त अक्षरमालेची) फाइल टेम्प्लेटने (साच्याने) टाकणे, पॅमच्या एसएसएचडी (एसएसएचची सर्व्हरवरची सेवा) फाइलीत एक ओळ, एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये दोन-तीन निर्देश, शेवटी सेवा रीस्टार्ट.

दोन प्रश्न:
१. टेम्प्लेटला हात न लावताही दर रनला सीक्रेटची फाइल 'चेंज्ड' दाखवते. असं का?
२. अ‍ॅन्सिबल ज्या खात्याने लॉगिन करतं त्याला कोड कोण देणार?

(निर्देशांची नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय. फाइलीत अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची.)

---

टर्मिनलबुवा

पहिल्याचं उत्तर: ती फाइल कॉन्फिगरेशन नाहीच. ती चालू स्थिती आहे, आणि मॉड्यूल स्वतः ती दर लॉगिनला नव्याने लिहितं.

फाइल उघडून बघा. पहिल्या ओळीत बेस-३२ मधलं सीक्रेट. त्याखाली अवतरण चिन्हाने सुरू होणाऱ्या पर्यायांच्या ओळी: रेट लिमिट, विंडो साइझ, डिसअलाऊ रीयूझ, टीओटीपी (वेळेवरून निघणारा कोड) ऑथ. शेवटी आठ आकडी आणीबाणीचे कोड. कोणी लॉगिन केलं की रेट लिमिटच्या ओळीपुढे प्रयत्नांच्या वेळा येतात, डिसअलाऊ रीयूझच्या ओळीपुढे वापरून झालेल्या कोडचा कालखंड येतो आणि आणीबाणीचा कोड वापरला असेल तर त्याची ओळ उडते. तुमचं टेम्प्लेट हे सगळं पुसून फाइल पहिल्या दिवसासारखी करतं. म्हणजे वापरून संपलेला आणीबाणीचा कोड पुन्हा चालू होतो आणि वीस सेकंदांपूर्वी वापरलेला कोडही पुन्हा चालतो. नुसता 'चेंज्ड'चा पिवळा रंग असता तर सोडून दिलं असतं. हे सुरक्षेचं भोक आहे.

उपाय एका ओळीचा. टेम्प्लेट किंवा कॉपी मॉड्यूलला 'फोर्स: फॉल्स' द्या; फाइल नसेल तरच ती तयार होईल. अशाच दुसऱ्या साधनांपैकी पपेटमध्ये हेच 'रिप्लेस' फॉल्स ठेवून होतं, सॉल्टच्या फाइल.मॅनेज्डमध्येही 'रिप्लेस: फॉल्स', शेफमध्ये 'क्रिएट इफ मिसिंग' ही अ‍ॅक्शन. मालक तो वापरकर्ता आणि मोड ०४०० ठेवा. टूल स्वतः फाइल बनवतं तेव्हाही मोड हाच असतो. गटाला किंवा इतरांना वाचता येत असेल तर मॉड्यूल फाइल नाकारतं आणि कारण फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसतं, लॉगिन करणाऱ्याला नाही.

सीक्रेट बदलायचं असेल तर त्याचं प्लेबुक वेगळं ठेवा: आधी फाइल काढायची, मग नवी टाकायची. रोजच्या रोलमध्ये ते मिसळू नका.

---

पहारेकरी

बुवांचं बरोबर. तुमचा क्रमही बरोबर आहे, तो मात्र बदलू नका; बदललात तर सगळे बाहेर अडकू शकतात.

पॅमच्या फाइली प्रत्येक लॉगिनच्या वेळी नव्याने वाचल्या जातात. त्यांना रीस्टार्ट लागत नाही, म्हणजे ओळ टाकली त्या क्षणापासून ती लागू. उलट एसएसएचडीचे निर्देश हँडलर (बदल झाल्यावर शेवटी चालणारं रीस्टार्टचं काम) चालेपर्यंत लागू होत नाहीत. मधल्या काळात सर्व्हर अर्ध्या अवस्थेत असतो. म्हणून पॅकेज आणि सीक्रेट आधी, पॅम नंतर, एसएसएचडी त्यानंतर. पॅमची ओळ आहे पण मॉड्यूलची फाइलच डिस्कवर नाही, असं झालं तर पॅम ते अपयश धरतं आणि कोड बरोबर असूनही दार उघडत नाही.

आता पॅमची फाइल. डेबियनवर एसएसएचडीच्या पॅम फाइलीत 'कॉमन-ऑथ' इन्क्लूड केलेलं असतं. ते तसंच ठेवलं तर किल्लीनंतर पासवर्डही विचारला जातो, मग कोड. पासवर्ड नको असेल तर ती ओळ कॉमेंट करा. पॅममध्ये ओळींचा क्रम हाच अर्थ असतो, त्यामुळे लाइनइनफाइलने (एकेक ओळ बदलणाऱ्या मॉड्यूलने) ठिगळं लावण्यापेक्षा संपूर्ण फाइल टेम्प्लेटने लिहिलेली बरी. डेबियनवर ही फाइल ओपनएसएसएच पॅकेजची कॉन्फफाइल आहे, अपग्रेडच्या वेळी डीपीकेजी (डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन) 'तुमची ठेवू की नवी घेऊ' विचारून अडून बसेल. आपोआप अपग्रेड असतील तर जुनी ठेवण्याचा पर्याय आधीच द्या.

सुरुवातीला सगळ्यांकडे सीक्रेट नसणार, म्हणून पॅमच्या ओळीत 'नलओके' (सीक्रेट नसेल तर कोड मागू नको) लावावं लागेल. इथे एक खोच आहे. सीक्रेट नसलेल्या वापरकर्त्यासाठी नलओके 'इग्नोर' उत्तर देतं. पॅमला मात्र कुठल्यातरी एका मॉड्यूलकडून तरी 'सक्सेस' हवं असतं. कॉमन-ऑथ काढलेलं असेल तर ते कोणीच देत नाही आणि लॉगिन फसतं. त्यासाठी खाली 'रिक्वायर्ड पॅम_परमिट' ही ओळ घालतात. ती घातली की पुढची गोष्ट सक्तीची: एसएसएचडीत

ऑथेंटिकेशनमेथड्स पब्लिककी,कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह

हे हवंच. नाहीतर सीक्रेट नसलेल्या खात्याला नुसत्या कीबोर्ड-इंटरॅक्टिव्हने (सर्व्हर विचारेल ते टाइप करायचा मार्ग), किल्ली नाही, पासवर्ड नाही, कोड नाही, सरळ आत येता येईल. मधला स्वल्पविराम नीट बघा. स्वल्पविराम म्हणजे दोन्ही हवेत. तिथे जागा सोडली तर अर्थ 'दोन्हीपैकी एक' असा होतो. आणि 'पासवर्डऑथेंटिकेशन नो' लिहिल्याने कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह बंद होत नाही, ते दोन वेगळे मार्ग आहेत.

बाकी दोन निर्देश: 'यूजपॅम येस' आणि 'केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशन येस'. जुन्या लेखांत दुसऱ्याचं नाव 'चॅलेंजरिस्पॉन्सऑथेंटिकेशन' दिसेल, ओपनएसएसएच ८.७ पासून ते नुसतं जुनं टोपणनाव उरलंय.

रेड हॅट ९ वर 'एसएसएचडी_कॉन्फिग.डी' मध्ये ५० ने सुरू होणारी रेड हॅटची फाइल असते आणि तिच्यात हाच पर्याय 'नो' आहे. एसएसएचडीत पहिली किंमत जिंकते, शेवटची नाही. म्हणून आपली फाइल १० ने सुरू करा. ९९ ने केली तर वाचली जाईल, पण उपयोग शून्य.

---

अर्धविराम

वरच्या यादीत रूट (सर्वाधिकारी खातं) राहिला. 'परमिटरूटलॉगिन प्रोहिबिट-पासवर्ड' असेल, आणि बहुतेक ठिकाणी तेच असतं, तर रूटसाठी पासवर्डसोबत कीबोर्ड-इंटरॅक्टिव्हही बंद असतं. म्हणजे दोन्ही टप्पे सक्तीचे केलेत की रूट किल्ली दाखवून पहिला टप्पा पार करेल आणि दुसऱ्यावर कायमचा अडकेल, कोड कितीही बरोबर दिला तरी. अ‍ॅन्सिबल रूट म्हणून लॉगिन करत असेल तर हा रोल त्याचा शेवटचा ठरेल.

प्रश्न दुसरा. अ‍ॅन्सिबलच्या खात्याला कोड द्यायचाच नाही. सीक्रेट कंट्रोलरवर (अ‍ॅन्सिबल जिथून चालतं त्या मशीनवर) ठेवून ओथटूलने कोड काढून देणारे जुगाड सापडतात, पण किल्ली आणि सीक्रेट एकाच डिस्कवर असतील तर दुसरा फॅक्टर उरतोच कुठे? सूट द्या, पण अरुंद द्या:

मॅच यूझर डिप्लॉय अ‍ॅड्रेस १०.२०.०.५
ऑथेंटिकेशनमेथड्स पब्लिककी

(खात्याचं नाव आणि पत्ता नमुन्यादाखल.) मॅचमधली किंमत वरच्या सर्वसाधारण किमतीवर मात करते. त्याच खात्याच्या ऑथराइज्ड_कीज मध्ये 'फ्रॉम=' लावून तोच पत्ता पुन्हा बांधा. खात्याचा पासवर्ड लॉक करा.

बऱ्याच लेखांत ही सूट पॅममध्ये देतात: पॅम_अ‍ॅक्सेस किंवा पॅम_सक्सीड_इफ लावून एक ओळ उडी मारायची. इथे त्याची गरज नाही. लॉगिन नुसत्या किल्लीने पूर्ण होत असेल तर पॅमचा 'ऑथ' भाग चालतच नाही. फक्त 'अकाउंट' आणि 'सेशन' चालतात. सूट एकाच ठिकाणी असली की तपासणीही एकाच ठिकाणी:

एसएसएचडी -टी -सी (दोन्ही कॅपिटल) यूझर=डिप्लॉय,होस्ट=कंट्रोलर,अ‍ॅडर=१०.२०.०.५

त्या वापरकर्त्याला त्या पत्त्यावरून नेमकं काय लागू होतं ते हे छापून देतं. प्लेबुकमध्येच ही कमांड चालवून आउटपुटवर असर्ट लावा, एकदा डिप्लॉयसाठी आणि एकदा साध्या वापरकर्त्यासाठी.

सूडोच्या पॅम फाइलीत कोडची ओळ टाकायचा मोह आवरा. बिकम (अ‍ॅन्सिबलचं सूडोने रूट होणं) तिथेच अडकून बसेल.

---

टर्मिनलबुवा

आता लावताना घ्यायची काळजी.

अ‍ॅन्सिबल एसएसएचचं कनेक्शन मूळ सेटिंगप्रमाणे ६० सेकंद उघडं ठेवतं, कंट्रोलपर्सिस्टने. त्यामुळे तुम्ही कॉन्फिग मोडलंत तरी पुढची सगळी टास्क जुन्याच कनेक्शनवरून हिरवी होत जातात. प्लेबुक यशस्वी, सर्व्हर बंद. म्हणून बदलानंतर लगेच: 'मेटा: फ्लश_हँडलर्स', मग 'मेटा: रीसेट_कनेक्शन', मग 'वेट_फॉर_कनेक्शन'. नवं कनेक्शन मिळालं तरच पुढे.

त्याआधी परतीचा टायमर लावायचा. पॅमची आणि एसएसएचडीची जुनी फाइल बाजूला ठेवा आणि सिस्टमडी-रनला 'ऑन-अ‍ॅक्टिव्ह १० मिनिटं' देऊन एक छोटी स्क्रिप्ट नेमा. ती जुन्या फाइली परत ठेवून सेवा रीलोड करेल. वरची कनेक्शनची तपासणी पार पडली की शेवटच्या टास्कमध्ये तो टायमर थांबवायचा. तपासणी फसली तर अ‍ॅन्सिबल तिथेच थांबतं आणि दहा मिनिटांत सर्व्हर आपोआप मूळ पदावर येतो. कन्सोलपर्यंत धावावं लागत नाही.

'सिरियल' (एका वेळी किती सर्व्हर) आधी १, मग १० टक्के. 'मॅक्स_फेल_परसेंटेज' शून्य.

टेम्प्लेटच्या 'व्हॅलिडेट'मध्ये एसएसएचडीचा स्मॉल टी वापरा, पण त्याच्यावर विसंबू नका. तो फक्त तुमचा तुकडा तपासतो, इतर फाइलींशी भांडण दाखवत नाही. म्हणून हँडलरच्या आधी संपूर्ण कॉन्फिगवर पुन्हा एकदा चालवा. पॅमची फाइल तर यातल्या कशानेच तपासली जात नाही.

सेवेचं नाव डेबियनवर 'एसएसएच', रेड हॅटवर 'एसएसएचडी'. रीस्टार्ट नको, रीलोड पुरतं.

---

कुलूपकिल्ली

रीसेट_कनेक्शन आणि टायमर दोन्ही घेतो. पण वेट_फॉर_कनेक्शन ज्या खात्याने तपासतं त्यालाच तर सूट आहे. माणसांचं लॉगिन चालतंय का हे प्लेबुकला कसं कळणार?

---

टर्मिनलबुवा

दोन तपासण्या लावा. नकारात्मक: सूट नसलेलं एक चाचणी खातं ठेवा, कंट्रोलरवरून त्याच्या किल्लीने 'बॅचमोड येस' आणि 'कंट्रोलपाथ नन' देऊन (काही विचारायचं नाही, जुनं कनेक्शन वापरायचं नाही) लॉगिन करा. ते फसलंच पाहिजे. यशस्वी झालं तर कोड न विचारताच दार उघडतंय. सकारात्मक: सर्व्हरवर पॅमटेस्टर बसवून एसएसएचडी सेवेसाठी त्या खात्याचं 'ऑथेंटिकेट' चालवा, कोड ओथटूलने काढून द्या. एक मर्यादा लक्षात ठेवा. पॅमटेस्टर एसएसएचडीच्या एसईलिनक्स (लिनक्सची जादा परवानगी-व्यवस्था) संदर्भात चालत नाही, त्यामुळे रेड हॅटवर तो पास होऊनही खरं लॉगिन फसू शकतं.

---

पहारेकरी

एसईलिनक्सचं कारणही सांगून टाकतो. मॉड्यूल फाइल जागच्या जागी बदलत नाही. शेजारी तात्पुरती फाइल बनवून तिचं नाव बदलतं. म्हणजे नुसत्या फाइलीवर नाही, डिरेक्टरीतही लिहिता आलं पाहिजे. रेड हॅटवर एसएसएचडीला होम डिरेक्टरीत असं लिहायची मुभा नसते. सीक्रेट होममधल्या .एसएसएच डिरेक्टरीत हलवा, पॅमच्या ओळीत 'सीक्रेट=' ने तो मार्ग द्या आणि रिस्टोअरकॉन (एसईलिनक्सची लेबलं नीट करणारी कमांड) चालवा. एसईलिनक्स बंद करणं हा उपाय नव्हे, कितीही लेखांत लिहिलेला असो.

होम एनक्रिप्टेड असेल किंवा एनएफएसवर (नेटवर्कवरच्या डिस्कवर) रूट स्क्वॉश (रूटचे अधिकार काढून घेणारं सेटिंग) असेल तर सीक्रेट होमबाहेर, रूटच्या मालकीच्या ०७०० डिरेक्टरीत ठेवा आणि ओळीत 'यूझर=रूट' द्या. यात आणखी एक फायदा आहे, वापरकर्ता स्वतःची फाइल वाचू किंवा उडवू शकत नाही.

---

शून्यप्रहर

सगळं वाचलं. तंत्र बरोबर आहे, पण ऐंशी सर्व्हरवर सीक्रेट वाटायचं हे मुळातच पटत नाही.

प्रत्येक सर्व्हरवर वेगळं सीक्रेट म्हटलं तर फोनमध्ये ऐंशी नोंदी. कोणी करणार नाही. सगळीकडे एकच म्हटलं तर 'एकदा वापरलेला कोड पुन्हा नाही' ही नोंद प्रत्येक सर्व्हरपुरतीच असते. विंडो ३ असेल तर मागचा, चालू आणि पुढचा कोड चालतो. एका सर्व्हरवर टाकलेला कोड कोणी पाहिला तर तोच दुसऱ्या ७९ वर त्या वेळात चालेल. शिवाय कुठलाही एक सर्व्हर फुटला आणि कोणी रूट झाला की सीक्रेट हातात, आणि ते सगळीकडचं. व्हॉल्टचा (अ‍ॅन्सिबलच्या गुप्त माहितीच्या तिजोरीचा) पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे तर सगळ्यांचाच दुसरा फॅक्टर आहे.

फिडोच्या हार्डवेअर किल्ल्या (जवळ बाळगायचं छोटं उपकरण) वापरा. ओपनएसएसएच ८.२ पासून, म्हणजे २०२० पासून, एड२५५१९-एसके प्रकार आहे. सर्व्हरवर जाते ती फक्त पब्लिक किल्ली. ती कधी बदलत नाही, गुप्त नाही, गिटमध्ये उघडी ठेवली तरी चालते. कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटला हवी असते तशीच गोष्ट. किल्ली बनवताना 'व्हेरिफाय-रिक्वायर्ड' द्या म्हणजे स्पर्शासोबत पिनही लागतो: हातातली वस्तू आणि डोक्यातला पिन, दोन फॅक्टर झाले. सर्व्हरवर 'पबकीअ‍ॅक्सेप्टेडअल्गोरिदम्स' मध्ये फक्त एसके प्रकार ठेवा आणि ऑथराइज्ड_कीजच्या ओळीतही 'व्हेरिफाय-रिक्वायर्ड' लिहा. डिप्लॉयच्या खात्याला मॅचमध्ये साधा प्रकार. पॅमला हात लावायची गरज नाही. माणशी दोन किल्ल्या नोंदवा, एक हरवणारच.

---

पहारेकरी

शून्यप्रहर, तत्त्व मान्य. व्यवहारात चार अडचणी. ओळीतला व्हेरिफाय-रिक्वायर्ड ८.४ पासून आहे, उबुंटू २०.०४ वर ८.२ आहे, तिथे फक्त स्पर्श मिळेल. रेड हॅट ८ वर ८.०, तिथे एसके प्रकारच नाही. फिप्स (अमेरिकी सरकारी गूढलेखन मानक) मोडमध्ये एड२५५१९ चालत नाही, ईसीडीएसए-एसके घ्यावं लागतं. आणि बाहेरच्या तात्पुरत्या माणसाला हार्डवेअर पोचवेपर्यंत त्याचं काम संपलेलं असतं.

डेबियन १२ आणि रेड हॅट ९ असणाऱ्या धागाकर्त्यांना पहिल्या दोन अडचणी नाहीत, हे खरं. पण हार्डवेअर नसेल तर मधला मार्ग बॅस्टियन, म्हणजे आत शिरण्यासाठीचा दारावरचा सर्व्हर. कोड फक्त दोन बॅस्टियनवर विचारायचा, आतले सर्व्हर फायरवॉलने बॅस्टियन आणि कंट्रोलरपुरते बंद. आत जायला प्रॉक्सीजंप (बॅस्टियनमधून पुढे जाणारं कनेक्शन), एजंट फॉरवर्डिंग (आपली किल्ली बॅस्टियनवरून वापरू देणं) नाही. सीक्रेट दोन्हीकडे वेगळं ठेवलं तर फोनमध्ये नोंदी दोनच.

---

अर्धविराम

बॅस्टियनवर टीओटीपी ठेवणार असाल तर सीक्रेट शक्यतो बॅस्टियनवरच तयार करा: गूगल-ऑथेंटिकेटर कमांड त्या वापरकर्त्याच्या नावाने, 'क्रिएट्स' लावून (फाइल आधीच असेल तर कमांड चालत नाही). मग ते कंट्रोलरवर येतच नाही. टास्कवर 'नो_लॉग: ट्रू' विसरू नका, ही कमांड सीक्रेट आणि आणीबाणीचे कोड छापते. टेम्प्लेटने टाकत असाल तरी नो_लॉग हवंच, कारण डिफचा पर्याय देऊन चालवलं की संपूर्ण फाइल सीआयच्या (आपोआप चालणाऱ्या रनच्या) लॉगमध्ये उमटते.

सीक्रेट स्वतः बनवत असाल तर ३२ अक्षरं घ्या, ए ते झेड आणि २ ते ७ यांतली. ते बरोबर २० बाइट होतात, म्हणजे १६० बिट. आरएफसी ४२२६ ची शिफारस तेवढीच आहे आणि शेवटी पॅडिंगही लागत नाही. ०, १, ८, ९ बेस-३२ मध्ये नसतात. साध्या रँडम स्ट्रिंगमध्ये ते घुसले की फोनचं अ‍ॅप नोंदच घेत नाही.

---

नवाकोरा

एका बॅस्टियनवर कोड चालतो, दुसऱ्यावर तोच माणूस नाकारला जातो. दोन्हीकडची सीक्रेट आपापली बरोबर आहेत, मोडही ०४००. कुठे बघू?

---

अर्धविराम

घड्याळ. टीओटीपीचा कोड ३० सेकंदांच्या कालखंडावर निघतो. विंडो ३ मध्ये एक मागचा आणि एक पुढचा एवढीच सवलत असते. व्हीएम स्नॅपशॉटवरून परत आणलं की घड्याळ मागे राहिलेलं असू शकतं. क्रॉनीसी ट्रॅकिंगमध्ये (क्रॉनी हे घड्याळ जुळवणारं साधन) फरक बघा. क्रॉनी बसवणं आणि ते जुळलंय याची तपासणी पॅमच्या आधी रोलमध्येच घाला. विंडो १७ करून चार मिनिटं मागे-पुढे चालवून घेता येतं, पण मग चोरलेला कोडही तेवढाच वेळ चालतो.

घड्याळ बरोबर असेल तर रेट लिमिट बघा. ३० सेकंदांत ३ प्रयत्न, आणि एक कोड एकदाच. लूपमध्ये एससीपी चालवणारा माणूस दुसऱ्याच फाइलला अडतो. त्याच्या क्लायंटवर कंट्रोलमास्टर ऑटो आणि कंट्रोलपर्सिस्ट १० मिनिटं करा, एकाच लॉगिनवर सगळं जाईल.

---

कुलूपकिल्ली

ठरलं: नेहमीच्या माणसांना एसके किल्ल्या, बाहेरच्यांना बॅस्टियनवर टीओटीपी. शेवटचा प्रश्न. 'फोर्स: फॉल्स' असल्यामुळे काम सोडून गेलेल्याची फाइल तशीच राहणार. ती 'अ‍ॅब्सेंट' करून टाकू ना?

---

पहारेकरी

नलओके अजून लागलेलं असेल तर नको. त्या अवस्थेत फाइल नसणे म्हणजे कोड माफ. खातं आणि किल्ली राहिली आणि फक्त सीक्रेट उडालं तर त्याचं लॉगिन आणखी सोपं होतं. आधी ऑथराइज्ड_कीज मधून किल्ली काढा आणि खातं लॉक करा, मग त्याच्या चालू प्रक्रिया संपवा, कारण उघडं सेशन किल्ली काढल्याने तुटत नाही. फाइल सगळ्यात शेवटी.

आणि नलओके कायमचं ठेवू नका. बॅस्टियनवर ज्या गटाला प्रवेश आहे त्यातल्या प्रत्येकाच्या फाइलीवर 'स्टॅट' चालवा. एकाचीही बाकी नसेल तर टेम्प्लेटमधून नलओके हा शब्द आणि पॅम_परमिटची ओळ दोन्ही एका व्हेरिएबलने गायब करा. नवीन माणूस आला की त्याचं सीक्रेट खात्यासोबतच बनलं पाहिजे, हा क्रम तिथून पुढे सक्तीचा.